विद्युतप्रभाराचा ताळा

जुन्या पिढीतील गणिताचे शिक्षक उत्तर बरोबर आले एवढ्यावर समाधान मानीत नसत. "ताळा पाहिलास का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. बेरजेचा ताळा वजाबाकीने, गुणाकाराचा भागाकाराने. ज्या वाटेने उत्तरापाशी गेलो, त्याहून निराळ्या वाटेने तेथे पोहोचून पाहावे आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच वहीत रेघ ओढावी, हा तो संस्कार. विज्ञानाच्या इतिहासात या संस्काराचे मोल दाखवणाऱ्या ज्या कथा आहेत, त्यांत विद्युतप्रभाराच्या मापनाची कथा अग्रभागी ठेवावी लागेल. कारण प्रभार ही वस्तूच अशी आहे की ती डोळ्यांना दिसत नाही, मापट्यात भरता येत नाही, की तराजूच्या पारड्यात घालता येत नाही. तिच्या परिणामांवरूनच तिची राशी ओळखावी लागते. परिणाम अनेक, म्हणून मोजण्याच्या रीतीही अनेक. या रीतींनी मोजलेला प्रभार एकच आहे काय, हा प्रश्न अडीचशे वर्षे शास्त्रज्ञांसमोर वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला.

घासलेला तृणमणी गवताची काडी ओढून घेतो, हे प्राचीनांना ठाऊक होते. १७४५-४६ मध्ये क्लाइस्ट आणि लायडन येथील मुशेनब्रुक यांनी, एकमेकांना नकळत, काचेच्या बरणीत वीज साठवण्याची युक्ती शोधली. ही 'लायडन बरणी' म्हणजे आजच्या धारित्राची पूर्वज. तिच्या धक्क्याचे युरोपला इतके वेड लागले की फ्रान्समध्ये नोले यांनी राजासमोर १८० सैनिकांना एकमेकांचे हात धरून उभे केले आणि सर्वांना एकाच क्षणी उडी मारावयास लावले. करमणूक झाली, पण बरणीत वीज किती होती, हे सांगण्यास कोणतेही साधन नव्हते. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांच्यासारखा सूक्ष्म प्रयोगकर्ताही विजेच्या तीव्रतेची तुलना स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यावरून करीत असे. एकाच्या अंगाचा धक्का दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही, हीच त्या मापनाची मर्यादा होती.

ही मर्यादा ओलांडली ती शार्ल ऑगस्तँ द कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने. किल्ल्यांची बांधकामे करण्यात तारुण्य घालवलेल्या या गृहस्थांनी तारेला पीळ दिला असता ती किती जोराने उलट फिरू पाहते, याचा बारकाईने अभ्यास केला होता. १७८५ मध्ये त्यांनी त्याच ज्ञानाचा उपयोग विजेसाठी केला. काचेच्या नळकांड्यात बारीक चांदीच्या तारेला एक हलकी आडवी काडी टांगलेली. काडीच्या टोकाला भेंडाची गोळी. तिच्या शेजारी तशीच दुसरी स्थिर गोळी. दोन्ही गोळ्यांना सारखा प्रभार दिला की त्या एकमेकींना दूर लोटतात आणि तार पिळली जाते. पीळ अंशांत मोजला की बल समजले.

कूलोम यांचे आकडे आजही कोणत्याही विद्यार्थ्याने वहीत उतरवून पाहण्याजोगे आहेत. प्रथम गोळ्या ३६ अंशांवर स्थिरावल्या. म्हणजे तारेचा पीळ ३६ अंश. नंतर त्यांनी तारेचे वरचे टोक १२६ अंश उलट फिरवले, तेव्हा गोळ्यांतील अंतर १८ अंश उरले. एकूण पीळ १२६ अधिक १८, म्हणजे १४४ अंश. मग वरचे टोक एकूण ५६७ अंशांपर्यंत नेले. अंतर साडेआठ अंश राहिले आणि एकूण पीळ झाला ५७५.५ अंश. अंतर निम्मे झाले की बल चौपट (३६ चे १४४), पुन्हा जवळजवळ निम्मे झाले की सोळापट. ३६ ला १६ ने गुणिले तर ५७६ येतात. व्यस्त वर्गाचा नियम या तीन ओळींत सामावला आहे. पुढे प्रभाराची वाटणी करण्यासाठी त्यांनी तितकीच साधी रीत वापरली. प्रभारित गोळीला तंतोतंत तशीच प्रभाररहित गोळी टेकवली की सममितीमुळे प्रभार दोघींत निम्मा-निम्मा वाटला जातो. निम्म्याचे पाव आणि पावाचे अर्धपाव करता आले, की मापनाचा पाया घातला गेला.

१८०० मध्ये व्होल्टा यांनी आपली विद्युतघटांची चळत प्रसिद्ध केली आणि विजेचा अखंड प्रवाह हाती आला. मात्र त्याबरोबर एक शंकाही आली. बरणीतून कडाडून निघणारी, घटातून शांतपणे वाहणारी, आणि काही माशांच्या अंगी असणारी वीज ही एकच आहे की निरनिराळ्या जातींची? लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये या शंकेचा निकाल लावला, आणि तो वाद घालून नव्हे, तर मोजून. त्यांनी मोठ्या घर्षणयंत्राचे चाक तीस वेळा फिरवून बरण्यांच्या संचात वीज साठवली व ती गॅल्व्हॅनोमीटरमधून सोडली. मग प्लॅटिनमची एक व जस्ताची एक अशा दोन बारीक तारा अत्यंत सौम्य आम्लात बुडवून तयार केलेला चिमुकला घट त्याच उपकरणाला जोडला. काटा तितकाच हलावा यासाठी घटाचा प्रवाह किती वेळ चालू ठेवावा लागतो, हे पाहिले. उत्तर आले : त्यांच्या घड्याळाचे आठ ठोके, म्हणजे ३.२ सेकंद. गडगडाट करणारे ते प्रचंड यंत्र आणि आम्लात बुडालेल्या दोन तारा यांची वीज अशा प्रकारे एका मापात बसली.

त्यापाठोपाठ फॅरेडे यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले. द्रावणातून जितका प्रभार जाईल, तितक्या प्रमाणात पदार्थ विघटित होतो अथवा अग्रावर जमा होतो. म्हणजे प्रभार आता वजनाच्या रूपाने मोजता येऊ लागला. त्यांनी असाही अंदाज केला की, पाण्याचा एक ग्रेन, म्हणजे जेमतेम थेंबभर पाणी, विघटित करण्यास वरील बरण्यांच्या संचाचे आठ लक्ष विसर्ग लागतील. आजच्या आकड्यांनी हिशेब करू. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, तेवढ्या पाण्याच्या विघटनास जवळजवळ ७०० कूलोम प्रभार लागतो. एक ॲम्पिअरचा प्रवाह पाऊण तासाच्या चौथ्या भागाइतका वेळ, म्हणजे बारा मिनिटांहूनही थोडा कमी काळ, वाहिला की एवढा प्रभार जातो. डोळे दिपवणाऱ्या ठिणगीत प्रभार किती थोडा असतो आणि थेंबाच्या पोटात तो किती अफाट दडलेला असतो, हे त्या काळच्या लोकांना प्रथमच उमगले.

याच संशोधनाच्या वेळी फॅरेडे यांना नव्या कल्पनांसाठी शब्द सापडेनात, म्हणून त्यांनी विल्यम ह्युएल या बहुश्रुत विद्वानांचे साहाय्य घेतले. आपण ज्यांना धनाग्र, ऋणाग्र आणि आयन म्हणतो, त्यांची मूळ नावे अशी १८३४ मध्ये घडवली गेली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेला या गोष्टीचे अप्रूप वाटावे. आपला विद्यार्थी शाळेत 'धनाग्र' म्हणतो, रस्त्यावर आला की दुसऱ्याच भाषेत बोलतो, महाविद्यालयात गेला की तिसऱ्या भाषेतील संज्ञा शिकतो. परंतु शब्द बदलला तरी अग्रावर साचलेल्या तांब्याचे वजन बदलत नाही. कल्पना आपल्या भाषेत स्वच्छ समजलेली असली, की पुढचे भाषांतर अवघड जात नाही.

आता तराजूच्या पिळावरून मोजलेला स्थिर प्रभार आणि चुंबकीय परिणामावरून मोजलेला वाहता प्रभार यांचे एकमेकांशी नेमके प्रमाण काय, हे ठरावयाचे होते. १८५६ मध्ये विल्हेल्म वेबर आणि रुडॉल्फ कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञांनी एकाच लायडन बरणीतील प्रभार दोन रीतींनी मोजला. एकदा पीळ-तराजूने, आणि एकदा तो गॅल्व्हॅनोमीटरमधून सोडून. दुसऱ्या रीतीत एक सुंदर युक्ती आहे. सुईचा झोका सावकाश असेल आणि प्रभार त्या मानाने क्षणार्धात निघून जात असेल, तर सुईला बसलेला पहिला हेलकावा त्या एकूण प्रभाराच्या प्रमाणात असतो. झोपाळ्याला दिलेल्या एका धक्क्यावरून त्याची पहिली उंच झेप ठरावी तसा. दोन्ही मापांचे गुणोत्तर काढले असता ते एका वेगाच्या रूपात आले : सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर. फिझो यांनी १८४९ मध्ये प्रकाशाचा वेग सुमारे ३ लक्ष १५ हजार किलोमीटर मोजला होता. ज्या प्रयोगात दिवाही नव्हता की आरसाही नव्हता, त्यातून प्रकाशाचा वेग कसा निघावा? काही वर्षांनी जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी या जुळणीचा अर्थ सांगितला, की प्रकाश हीच एक विद्युतचुंबकीय तरंगगती आहे. एका बरणीचा ताळा पाहावयास निघालेल्या प्रयोगाने भौतिकशास्त्राचे एक महाद्वार उघडले.

दरम्यान वीज प्रयोगशाळेबाहेर पडली होती. समुद्रतळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबली स्वतःच प्रचंड लायडन बरण्यांसारख्या वागत; संदेश पुढे जाण्यापूर्वी त्या प्रभाराने भराव्या लागत आणि अक्षरे एकमेकांत मिसळत. १८७० मध्ये मुंबई एडनमार्गे सुएझशी अशाच केबलने जोडली गेली. अशा व्यवहारात देशोदेशीच्या अभियंत्यांना सामाईक एककांची निकड भासू लागली. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम, व्होल्ट, ॲम्पिअर, फॅरड यांच्याबरोबर 'कूलोम' हे नावही मान्य केले. एक ॲम्पिअर प्रवाहाने एका सेकंदात वाहून नेलेला प्रभार म्हणजे एक कूलोम. १८९३ च्या शिकागो परिषदेत ॲम्पिअरची व्यवहारोपयोगी ओळख चांदीवरून ठरली : जो प्रवाह द्रावणातून दर सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी जमा करतो, तो एक ॲम्पिअर. उत्तम तराजू आणि घड्याळ असलेल्या कोणासही जगात कोठेही हे माप उभे करता येत होते.

याच तत्त्वावर ग्राहकांची बिले निघू लागली. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये थॉमस एडिसन यांचे वीजकेंद्र सुरू झाले. त्यांनी ग्राहकांकडे बसवलेल्या मीटरमध्ये काटा नव्हता, आकडे नव्हते. जस्ताच्या पट्ट्या बुडवलेले द्रावण होते. प्रवाहाचा एक ठरावीक अल्प अंश त्यातून जाई आणि एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर साचे. कंपनीचा माणूस ठरावीक मुदतीने पट्ट्या काढून नेई, वजन करी आणि बिल येई. एक ॲम्पिअर-तास, म्हणजे ३६०० कूलोम प्रभार गेला की सुमारे १.२२ ग्रॅम जस्त साचते, हा हिशेब शास्त्रशुद्ध होता. परंतु ग्राहकाला तो पडताळता येत नव्हता. माप खरे असूनही ज्याच्याकडून पैसे घ्यावयाचे त्याला ते वाचता येत नाही, हा दोष लहान नव्हता. पुढे प्रत्यावर्ती प्रवाह आला. त्यात प्रभार जितका पुढे जातो तितकाच मागे येतो, त्यामुळे पट्टीचे वजन वाढेना आणि ही रीत निरुपयोगी ठरली. फिरत्या चकतीचे, ऊर्जा मोजणारे आणि आकडा घरधन्यासमोर ठेवणारे मीटर त्यानंतर रूढ झाले.

शालेय प्रयोगशाळेतील तांब्याचा व्होल्टामीटर हा या साऱ्या परंपरेचा वारसदार आहे. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या, मालिकेत ॲमीटर, हाती घड्याळ. समजा, अर्धा ॲम्पिअर प्रवाह तीस मिनिटे स्थिर ठेवला. प्रभार म्हणजे प्रवाह गुणिले काळ, ०.५ गुणिले १८०० सेकंद, उत्तर ९०० कूलोम. एका कूलोममागे ०.०००३२९ ग्रॅम तांबे साचते. तेव्हा ऋणाग्राचे वजन सुमारे ०.२९६ ग्रॅमने वाढावयास हवे. ॲमीटरची वाट वेगळी, तराजूची वाट वेगळी. दोन्हींचे उत्तर जुळले तर ताळा जमला. न जुळले तर पट्टी नीट वाळली नव्हती, प्रवाह मध्येच बदलला, की ॲमीटरच दोषी आहे, याचा शोध घ्यावयाचा. प्रवाह बदलता असेल तर केवळ गुणाकार चालत नाही; प्रवाह-काळ आलेखाखालचे क्षेत्रफळ काढावे लागते. शिक्षकाच्या दृष्टीने या प्रयोगातील सर्वांत मोलाचा क्षण न जुळलेल्या आकड्याचा असतो, कारण विद्यार्थी तेथूनच विचार करू लागतो. हवे ते उत्तर आधी माहीत असल्याने वहीत आकडा 'जुळवून' लिहिण्याचा मोह तेथेच होतो, आणि तो टाळण्याचे शिक्षणही तेथेच होते.

हा मोह केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. प्रभाराला सर्वांत लहान, अविभाज्य असा कण आहे ही कल्पना फॅरेडे यांच्या नियमांतून सुचत होतीच. जॉर्ज स्टोनी यांनी १८९१ मध्ये त्या एककाला 'इलेक्ट्रॉन' हे नाव दिले आणि १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी त्या कणाचे अस्तित्व प्रयोगाने दाखवले. त्याचा प्रभार मोजण्याचे काम शिकागो येथे रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ नंतर हाती घेतले. तेलाचा सूक्ष्म थेंब दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये सोडावयाचा. गुरुत्वाने तो किती वेगाने पडतो यावरून त्याचा आकार व वजन काढावयाचे. मग विद्युतक्षेत्र लावून तो किती वेगाने वर चढतो हे दुर्बिणीतून पाहावयाचे. थेंबाने हवेतील एखादा आयन पकडला की त्याचा वेग एकदम बदले, आणि ते बदल नेहमी एकाच लहान राशीच्या पूर्ण पटीत असत. अर्धी पट नाही, पाव पट नाही. निसर्ग प्रभाराची सुटी नाणी ठेवतो आणि त्याहून लहान नाणे त्याच्याकडे नाही, हे अशा रीतीने दिसून आले. १९१३ मध्ये त्यांनी दिलेले मूल्य आजच्या एककात १.५९२ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले त्यात या कार्याचा मोठा वाटा होता.

या यशाला दोन उणिवांची किनार आहे आणि इतिहासलेखनाने ती लपवू नये. थेंबांच्या प्रयोगात हार्वी फ्लेचर या तरुण विद्यार्थ्याचे श्रम मोठे होते. १९१० चा मुख्य शोधनिबंध मात्र एकट्या मिलिकन यांच्या नावाने निघाला. फ्लेचर यांची या विषयीची आठवण त्यांच्या निधनानंतर, १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी बाब अधिक गंभीर. १९१३ च्या निबंधात ५८ थेंबांचे आकडे असून, त्या काळात प्रयोगिलेले सर्व थेंब यात आहेत असे त्यांनी लिहिले. पुढे अभ्यासकांनी नोंदवह्या तपासल्या, तेव्हा त्यांत याहून बऱ्याच अधिक थेंबांच्या नोंदी सापडल्या. वगळलेल्या थेंबांमुळे अंतिम मूल्यात विशेष फरक पडला नसता, असे या नोंदींची फेरगणना करणाऱ्यांना आढळले. तरीही 'सर्व' या शब्दाचे समर्थन त्यामुळे होत नाही.

आणि गंमत अशी की खरी चूक त्या थेंबांत नव्हतीच. मिलिकन यांनी आपल्या मूल्यात फार तर हजारात दोन इतका फरक संभवतो असे म्हटले होते. प्रत्यक्ष चूक हजारात सहा होती. हवा थेंबाला किती अडवते हे सांगणारी तिची श्यानता त्यांनी किंचित कमी धरली होती. तोच प्रयोग कितीही वेळा केला असता तरी ही चूक सापडली नसती, कारण प्रत्येक वेळी तोच आकडा वापरला गेला असता. ती सापडली निराळ्या वाटेने. १९२८ च्या सुमारास क्ष-किरणांची तरंगलांबी स्वतंत्रपणे मोजता आली, त्यावरून स्फटिकातील अणूंची अंतरे कळली, त्यावरून एका मोलमध्ये अणू किती हे कळले. एक मोल चांदी साचण्यास ९६,४८५ कूलोम लागतात हे ठाऊक होतेच. या प्रभाराला अणूंच्या संख्येने भागले की एका इलेक्ट्रॉनचा वाटा निघतो. तो मिलिकन यांच्या मूल्याशी जुळेना. काही काळ शंका क्ष-किरणांच्या मापनावरच घेतली गेली; पण १९३० च्या दशकात हवेची श्यानता नव्याने मोजली गेली आणि तेलाचा थेंबही स्फटिकाच्या बाजूने साक्ष देऊ लागला. शंभर वर्षांपूर्वी फॅरेडे यांनी आखलेल्या वाटेनेच हा ताळा पूर्ण झाला.

२० मे २०१९ पासून ही गणना उलटी झाली आहे. इलेक्ट्रॉनचा प्रभार आता मोजावयाचा नाही; तो आंतरराष्ट्रीय करारानेच १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम असा कायम केला आहे आणि ॲम्पिअरची व्याख्या त्यावर उभी आहे. एका कूलोममध्ये सुमारे ६२,४०० कोटी कोटी, म्हणजे ६.२४ गुणिले १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन-प्रभार मावतात. आपल्या देशात मापनाच्या राष्ट्रीय प्रमाणांची राखण दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. तिच्या प्रमाणांशी जुळवून घेतलेली उपकरणे एकेक पायरी उतरत कारखान्यांपर्यंत आणि तेथून आपल्यापर्यंत येतात.

घरोघरीच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर '१५० ॲम्पिअर-तास' असे छापलेले असते. तो ५,४०,००० कूलोमचा प्रभार होय. हातातील मोबाइलची ४००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे १४,४०० कूलोम. पडद्यावर दिसणारी टक्केवारी काढण्यासाठी अनेक यंत्रांत एक चिमुकले परिपथ लहानशा रोधावरील विभवांतर सतत मोजून आत किती प्रभार गेला आणि बाहेर किती आला, याची बेरीज-वजाबाकी करीत असते. ही बेरीज दीर्घकाळ एकटीच चालली तर तीत लहान लहान चुका साचतात. म्हणून बॅटरी पूर्ण भरली वा रिकामी झाली की तिच्या विभवांतरावरून ते परिपथ आपला हिशेब पुन्हा जुळवून घेते. त्या नखाएवढ्या यंत्रालाही ताळा पाहिल्यावाचून चालत नाही.